दाराला रंग देण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कोणी विदुषी बाई येतात, बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा कार्यकारिणीने असे ठरविले की, सभासदांपैकीच एकीने आपल्या अनुभवातले काही सांगावे. ती पाळी मजवर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु पंचवीस वर्षे संसार केला, घर झाडले, पुसले, सारवले आणि रंगवलेही. म्हणून घरातलाच विषय घेते. घराचे पुढचे दार आणि त्याला द्यायचा रंग, हा तो विषय.

काही जणींना हसू येईल. दाराला रंग देणे हे काय भाषण करण्यासारखे आहे? रंगारी बोलवावा, डबा आणून द्यावा, झाले! पण थोडा धीर धरून ऐका. शेवटी आपल्या लेकराबाळांच्या जिवाशी येऊन पोचणारी ही गोष्ट आहे.

आपण बायका दाराला किती मान देतो! दसऱ्याला झेंडूचे तोरण, पाडव्याला आंब्याचा डहाळा, उंबरठ्यावर रांगोळी, वर हळदीकुंकवाची बोटे. नवी सून माप ओलांडते ती याच दारात आणि लेक सासरी जाताना डोळे पुसते तीही याच दारात. एवढा मान असूनही खुद्द दाराकडे आपले लक्ष केव्हा जाते? घरात काही कार्य निघाले म्हणजे. लेकीचे लग्न ठरले, दिवाळी आली, सुनेचे डोहाळजेवण आहे, नातवाचे बारसे आहे, म्हणजे मग आपण म्हणतो, "अहो, पाव्हणे येणार, दार किती कळकटलंय, जरा घासून रंग तरी द्या." म्हणजे बघा, ज्या दिवसांत घरात गरोदर लेक आलेली असते, रांगते मूल असते, नेमके त्याच दिवसांत आपण जुना रंग खरवडायला काढतो. हे का सांभाळावे ते मी पुढे सांगणार आहे. त्याआधी दाराची थोडी ओळख करून घेऊ.

आपल्या नांदेडात जुन्या वस्तीत अजून काही वाड्यांना सागवानी दारे आहेत. जाड फळ्या, लोखंडी खिळ्यांची ओळ, आत अडसर, मोठ्या दारात एक लहान दिंडी. सागवान आपल्याला परके नाही. आपल्याच जिल्ह्यात किनवट-माहूरच्या रानात साग आहे. ते लाकूड अंगचेच तेलकट, वाळवी त्याला सहसा लवकर धजत नाही. अशी दारे पिढ्यान् पिढ्या टिकतात.

पण आता नव्या वसाहतींत ज्यांची घरे झाली, माझेही त्यांतलेच, त्यांची दारे बहुतेक फ्लश डोअर असतात. बाहेरून एकसंध फळी दिसते, पण ते एकसंध नव्हे. आत लाकडाच्या पट्ट्या जोडून भरलेल्या, त्यांवर पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले, आणि सगळ्यात वर शोभेचा पापुद्रा, नाहीतर सनमायका. सगळे सरसाने आणि दाबाने धरलेले. माझा थोरला भाऊ लातूरला सुतारकाम करतो. तो म्हणतो, "ताई, सागाचं दार म्हणजे एकटा माणूस आणि फ्लशचं दार म्हणजे एकत्र कुटुंब. एकत्र आहेत तोवर भक्कम. पण मधे पाणी शिरलं की ज्याचा तो वेगळा." मला ही उपमा फार पटली. म्हणून अशा दाराचा रंग हा नुसता शोभेचा नसतो, तो पाण्याला अडविणारा पहारेकरी असतो.

आता दार खराब कशाने होते? मराठवाड्याचे ऊन तुम्हांला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या पुढे जातो. पश्चिमेच्या दारावर दुपारपासून दिवस मावळेपर्यंत ऊन पडते, रंग कडक होतो, त्याला बारीक बारीक भेगा पडतात. मग मृगाचा पाऊस येतो आणि त्या भेगांतून पाणी आत उतरते. लाकूड फुगते, दार चौकटीला घासू लागते. पाऊस सरला की लाकूड पुन्हा आक्रसते, आणि त्या ओढाताणीत रंगाचे पोपडे सुटतात.

दुसरे कारण आपल्याच हातचे आहे. रोज सकाळी आपण अंगणात सडा टाकतो, ओटा धुतो, उंबरठा पुसतो. त्या पाण्याचे शिंतोडे दाराच्या खालच्या चार बोटांवर बसतात. दाराच्या चार कडा असतात, भगिनींनो. त्यांपैकी खालची आणि वरची कड आपल्याला दिसत नाही, म्हणून रंगारीही तिकडे फिरकत नाही. बहुतेक फ्लशची दारे कुजायला सुरुवात होते ती खालच्या कोऱ्या राहिलेल्या कडेतून. पुढून दार चकचकीत आणि खालून पापुद्रे सुटलेले. आज घरी गेल्यावर एक करा. दाराच्या खाली हातातला आरसा सरकवा आणि खालच्या कडेला रंग आहे की नाही ते पाहा. हातच्या कांकणाला आरसा नको, पण दाराच्या खालच्या कडेला मात्र हवाच!

आता जुन्या रंगाविषयी सांगते, आणि त्यासाठी मला माझ्या माहेरच्या दाराची गोष्ट सांगावी लागेल.

माझे माहेर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, किल्लारीच्या पंचक्रोशीत. १९९३ च्या ३० सप्टेंबरची पहाट आपल्या भागात कोण विसरेल? गणपती बोळवून माणसे नुकती झोपली होती. चार वाजायला चार मिनिटे होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसे गेली. आमची घरे दगडाची होती, पण दगड मातीत बसवलेले, आणि वर माळवदाचा हातभर जाड मातीचा थर. त्या भिंतींनी आणि त्या मातीनेच माणसे गाडली. आमच्या घरातली तीन माणसे त्या रात्री गेली. मी तेव्हा सातवीत होते. शाळा तिथेच सुटली, ती सुटलीच.

सकाळी उजाडले तेव्हा आमच्या घराच्या भिंती नव्हत्या, पण ढाळजेची सागवानी चौकट आणि तिच्यातले दार मात्र उभे होते. पुढे कोणी जाणकार सांगत की, जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला होता, तिथे तो बऱ्याच ठिकाणी तगला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. वडिलांनी ते दार आणि चौकट ढिगातून काढून ठेवली. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दिवस काढले, तेव्हाही ते दार शेजारी आडवे ठेवलेले असे. पुढे पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसली. ज्याची जमीन जेवढी, तसे अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांचे घर मिळाले. आमच्या गावात कित्येकांनी जुन्या घराचे लाकूड असेच जपले आणि नव्या घराला पुढे खोली वाढवताना वापरले. आमचे दार पुढे भावाने लातूरला नेले आणि आपले घर बांधले तेव्हा पुढे बसविले.

त्या दारावर रंगाचे किती थर! वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा, मग तांबडा, आणि अगदी तळाशी आजीच्या हातची काव. भावाला वाटले की, सगळा रंग काढून खालचे सागवान उघडे करावे आणि नुसते तेल द्यावे. त्याने घरातच, ओसरीवर, दिव्याने रंग भाजून खरवडायची तयारी केली. भावाची सून नर्सिंग शिकलेली आहे. तिचे लेकरू तेव्हा रांगत होते. ती सासऱ्यापुढे फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी स्पष्ट म्हणाली, "मामंजी, हे इथं खरवडू नका. जुन्या तेलरंगात शिसं असतं. त्याची धूळ खाली बसते आणि लेकरू तीच हातं तोंडात घालतं."

भाऊ क्षणभर थांबला. सुतारकाम त्याचे, पण सांगितले सुनेने. शेवटी तो म्हणाला, "बरं पोरी, तू म्हणतीस तसं." हे एक वाक्य ऐकायला मिळाले, यातच मला त्या घराची शोभा दिसली. नंतर त्या मुलीने आम्हां सगळ्यांना नीट समजावून सांगितले. तेच मी तुम्हांला आपल्या भाषेत सांगते.

शिसे म्हणजे तोच जड मऊ धातू. पूर्वी तेलरंगात ते मुद्दाम घालीत. त्याने रंग लवकर वाळतो, गडद दिसतो, ऊनपावसात टिकतो. पांढरा सफेता शिशाचा, ठसठशीत पिवळा शिशाचा, आणि लोखंडाला लावतात तो शेंदरी रंगही शिशाचाच. खरा शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्म. म्हणून पिवळी, शेंदरी, हिरवी जुनी दारे अधिक संशयाची. रंग दारावर घट्ट बसलेला आहे तोवर तो कोणाला खात नाही. तो पोपडा होऊन पडला, कोरडा घासला किंवा भाजला, म्हणजे त्याची धूळ आणि धूर होतो, आणि मग तो घरात शिरतो.

मोठ्या माणसापेक्षा लेकराला त्याचा उपद्रव फार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे लहान मूल अंगात शोषून घेते, आणि इतके शिसे चालेल अशी बिनधोक पातळी कोणतीच नाही. ज्या लेकराच्या अंगात लोह आणि चुना कमी, ते आणखी जास्त शोषते. आपल्याकडे अंगात रक्त कमी असलेली मुले आणि लेकुरवाळ्या किती, हे अंगणवाडीताईंना विचारा. शिशाने ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल हळूहळू मंद होते, चिडके होते, शाळेत लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो, "कार्टं ऐकतच नाही." गरोदर बाईच्या अंगातले शिसे वारेतून पोटातल्या बाळाला पोचते. एकदा झालेले नुकसान पुरते भरून येत नाही. संशय असेल तर रक्ताची तपासणी होते. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

आता सरकारने याचा कायदा केला आहे. १ नोव्हेंबर २०१६ रोजी नियम निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. त्याप्रमाणे घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसे असता कामा नये, आणि डब्यावर तसे छापलेले पाहिजे. पण लक्षात घ्या, तो कायदा नव्या डब्याला लागू झाला, दारावर आधीच बसलेल्या रंगाला नव्हे. म्हणून २०१७ च्या पूर्वी रंगविलेले दार असेल, तर त्यात शिसे आहे असेच धरून चालावे. धरून चालण्यात आपले काही जात नाही.

मग काय, दाराला हातच लावायचा नाही? तसे नव्हे. त्यातली पहिली आणि सोपी गोष्ट अशी की, जुना रंग घट्ट असेल तर तो काढूच नये. खरवडल्याशिवाय नवा रंग बसत नाही, ही समजूत खोटी आहे. घट्ट रंग स्वच्छ धुऊन, ओल्या कागदाने नुसती चमक मोडून, त्यावर नवा रंग दिला की जुना खाली बंद होऊन बसतो. जिथे पोपडे सुटले आहेत, तेवढीच जागा ओली करून साफ करावी. मेहनतही वाचते आणि धोकाही.

यंदा माझी लेक पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला माहेरी यायची होती. तेव्हा मी ठरविले की, ती यायच्या महिनाभर आधी आपले दार करून, घर धुऊन मोकळे व्हायचे. मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघींनी हे काम केले. रंगाऱ्याची मजुरी वाचली, पण तेवढ्यासाठी नव्हे. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या बेताने व्हावे म्हणून. ते कसे केले, ते क्रमाने सांगते. लिहून घ्यायचे असेल त्यांनी घ्यावे.

दिवस निवडावेत दसऱ्यापासून होळीपर्यंतचे. पावसाळ्यात लाकूड ओले असते, रंग आत पाणी कोंडून बसतो आणि पुढे फोड येतात. उन्हाळ्यात वरचा थर झट्‌दिशी वाळतो आणि खालचा ओलाच राहतो. थंडीत संध्याकाळी दव पडते, म्हणून दुपारी तीन-चारच्या आत हात थांबवावा, नाहीतर चकाकी मरते. ऊन दारावर पडत असताना रंग लावू नये. पूर्वेचे दार दुपारनंतर करावे, पश्चिमेचे सकाळी.

कामाच्या आदल्या दिवशी लहान मुले आणि गरोदर बाई यांना शेजारी किंवा दुसऱ्या घरी पाठवावे. आतल्या खोलीची दारे लावून घ्यावी, पाण्याचे माठ आणि धान्याचे डबे झाकावे. दाराखाली जाड प्लास्टिक पसरावे. नाकातोंडाला चांगला मास्क लावावा. नुसत्या पदराने बारीक धूळ अडत नाही.

प्रथम कडी-कोयंडा, मूठ, नावाची पाटी काढून ठेवावी. मग कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून दार पुसावे. हळदीकुंकू, तेलाचे बोट, दिव्याची काजळी, हातांचा मळ, हे सगळे निघाले पाहिजे, कारण तेलकट जागेवर रंग धरत नाही. मग साध्या पाण्याने दोनदा पुसावे. फ्लशच्या दारावर बादलीभर पाणी ओतू नये, पिळलेल्या फडक्यानेच पुसावे, आणि दोन दिवस वाळू द्यावे.

दारावर आधीचा रंग तेलाचा की पाण्याचा, हे कळत नसेल तर फडक्याला थोडे स्पिरिट लावून कोपऱ्यात घासावे. रंग फडक्याला उतरला किंवा चिकट झाला तर तो पाण्याचा. नाही उतरला तर तेलाचा. दुकानदाराला हे सांगता आले म्हणजे तो योग्य प्रायमर देतो. सनमायकाचे किंवा फायबरचे दार असेल, तर लाकडाचा प्रायमर त्यावर धरत नाही. गुळगुळीत पृष्ठभागाला चालणारा प्रायमर निराळा मिळतो, तो मागावा.

मग घासणे. कोरडा पॉलिशपेपर वापरूच नये. काळा वॉटर पेपर घ्यावा, पाण्यात बुडवावा आणि घासावा. आधी एकशेऐंशी नंबरचा, मग तीनशेवीसचा. जो चिखल निघतो तो फडक्याने लगेच पुसून घ्यावा, वाळू देऊ नये. पोपडे खरवडायचे तर आधी पाणी शिंपडून मग पत्तीने हळू काढावेत. दिव्याने रंग भाजणे वर्ज्य समजावे.

खाचा आणि भेगा पुट्टीने भराव्यात, जिला जुने रंगारी लांबी म्हणतात. पातळ पातळ थर द्यावेत आणि वाळल्यावर पुन्हा ओल्या कागदाने सारखे करावे. खालच्या कडेचे पापुद्रे सुटले असतील तर आत सरस भरून, दोन्हीकडून पट्ट्या लावून दाबून ठेवावे. पार कुजले असेल तर सुताराकडून तेवढा भाग बदलून घ्यावा. कुजक्यावर रंग म्हणजे वरून कीर्तन आणि आतून तमाशा!

उघड्या लाकडावर आणि पुट्टीवर प्रायमरचा एक हात द्यावा, आणि तो वाळला की रंगाचे दोन हात. खालची आणि वरची कड सगळ्यात आधी करावी. दोघींनी धरून बिजागरीतून दार उतरवले तर उत्तम. ते जमत नसेल, तर चपट्या पट्टीला जाड कापड गुंडाळून, ते रंगात भिजवून दाराखालून फिरवावे. आम्ही तसेच केले. ब्रश रंगात एकतृतीयांशच बुडवावा, डब्याच्या कडेला निपटून घ्यावा. रंग आधी आडवा पसरावा आणि शेवटचा हात वरून खाली, हलका, न थांबता न्यावा. जुने तावदानी दार असेल तर आधी मधली तावदाने, मग आडव्या पट्ट्या आणि शेवटी उभ्या. दोन हातांच्या मधे एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. घाई केली की सुरकुत्या पडतात.

रंग किती लागेल? सात फूट बाय तीन फुटांचे दार, दोन्ही बाजू धरून बेचाळीस चौरस फूट. चौकट मिळून पंचावन्न-साठ. एक लिटर तेलरंग एका हाताला शंभराच्या पुढे जातो. म्हणजे दोन हातांना लिटरभराच्या आसपास पुरे. दुकानदार चार लिटरचा डबा पुढे करील. आपला हिशेब आपल्याजवळ असावा. आणि डब्यावर शिशाविषयीची ओळ छापलेली आहे का, ते वाचूनच पैसे मोजावेत. सुटा, बिननावाचा, स्वस्तातला रंग घेऊ नये.

आता काम झाल्यावरचे, ते विसरू नका. खाली पडलेले पोपडे आणि चिखल प्लास्टिकसकट गुंडाळून, पिशवीत बांधून कचरागाडीत वेगळा द्यावा. अंगणात झाडू नये, तुळशीत टाकू नये. फरशी झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायची. आपले कपडे बाहेरच बदलून वेगळे धुवावेत, अंघोळ करूनच लेकराला घ्यावे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. आपल्याकडे जुने दार मोडले, खिडकी काढली, की ते लाकूड बंबात जाते, चुलीत जाते, नाहीतर गल्लीतली पोरे होळीला पळवतात. रंगवलेले जुने लाकूड कधीही जाळू नका. धुरात शिसे, राखेत शिसे. त्या राखेने भांडी घासली तर ते ताटापर्यंत आले. भाकरी भाजायच्या चुलीत तर ते घालूच नका.

सागवानी दाराला ज्यांना नुसते तेल द्यायचे असेल, त्यांनी जवसाचे उकळलेले तेल द्यावे. दुकानात बेलतेल म्हणून मिळते. फडक्याने चोळून लावावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे. पण ते फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. त्या तेलाचे फडके आपोआप तापून पेट घेते, हे खरे आहे. ते दोरीवर पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे. भावाचे दार शेवटी असेच झाले. शेतावर नेऊन, उघड्यावर, पाणी मारून मारून त्याने रंग उतरविला, आणि आता ते लातूरला तेल पिऊन उभे आहे. आजीच्या कावेचा एक लहानसा ठिपका वरच्या गणेशपट्टीत त्याने मुद्दाम ठेवला, आणि त्यावर तेलाचा हात देऊन तो बंद केला.

कोणी म्हणेल, ही पुरुषांची कामे आपल्याला कशाला? भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण निघाले, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे झाल्या. माझ्यासारख्याच कमी शिकलेल्या बायका. सिमेंट किती, वाळू किती, भिंतीला पट्टा घातला की नाही, हे त्या विचारू लागल्या. चार भिंतींच्या आत राहणारीने भिंत कशी आहे ते विचारावे, यात गैर काय? आमची तीन माणसे भिंतीखाली गेली, त्या भिंतीत दगड कसे बसवले आहेत हे आमच्या आई-आजीला कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारावे असे कोणाला वाटलेही नव्हते. घर कशाचे केलेले आहे हे घरातल्या बाईला ठाऊक असले पाहिजे, एवढाच धडा मी त्या पहाटेपासून गाठीला बांधला आहे. भिंतीचा दगड असो की दाराचा रंग असो.

माझ्या मंडळापुढे तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या खर्चाने एक सामायिक पेटी करावी: दोन चांगले ब्रश, पत्ती, प्लास्टिकचा तुकडा, मास्क आणि वॉटर पेपर. जिला दार करायचे असेल तिने ती न्यावी आणि धुऊन परत आणावी. दुसरी, ज्या घरी बाळंतीण किंवा रांगते मूल आहे, त्या घरी दाराचे काम निघाले तर शेजारणीने दोन-चार दिवस त्यांना आपल्या घरी ठेवून घ्यावे. एवढे तरी आपण एकमेकींसाठी करू शकतो. तिसरी, आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीची दारे-खिडक्या जुन्या रंगाची असून त्यांचे पोपडे सुटलेले आहेत. सुटीच्या दिवसांत, मुले नसताना, ओल्या पद्धतीने ती साफ करून रंगवायला आपल्यापैकी दहा जणी पुरे होतील. अंगणवाडीताईंशी मी बोलले आहे, त्यांची ना नाही. सरकारी परवानगीचा अर्ज अध्यक्षबाईंनी करावा, अशी माझी विनंती आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंच्या वहीत नाव द्यावे. पहिले नाव माझे आणि दुसरे माझ्या जावेचे मी आधीच लिहून ठेवले आहे.